पाय टेकतो तेवढा वेळ

लष्कराच्या भरतीत नऊ फुटांचा खड्डा ओलांडावा लागतो. त्याला गुण नाहीत. ओलांडला तर पुढे, नाही तर घरी. गुण असतात ते धावण्याला आणि बीमला : १.६ किलोमीटरच्या शर्यतीला ६०, पुलअप्सना ४०. पोलीस भरतीत एकेकाळी लांब उडीलाही गोळाफेकीइतकाच मान होता. पुढे नियम बदलले आणि उडी यादीतूनच गेली. आता शारीरिक चाचणीचे ५० गुण. पुरुषांना १६०० मीटरचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. महिलांना १६०० च्या जागी ८०० मीटर. वनरक्षकाच्या भरतीत मुलांनी ५ किलोमीटर धावायचं, मुलींनी ३. म्हणजे भरतीच्या कागदावरून उडी जवळजवळ पुसली गेली आहे, आणि जे कागदावर नाही त्याच्यासाठी पहाटेची झोप कोण मोडणार?

ही पुस्तिका उमरेड आणि आजूबाजूच्या गावांतल्या मुलामुलींसाठी आहे, म्हणून सुरुवात भरतीपासून केली. इथे एका बाजूला वेकोलिची कोळशाची खाण आहे, दुसरीकडे कऱ्हांडल्याचं जंगल, आणि भिवापूरच्या वाटेवर मिरचीची, सोयाबीनची वावरं. चार एकर वावर आणि तीन भाऊ असलेल्या घरात वर्दी हा हिशेबाचा विषय असतो. त्यामुळे पहाटे पाचला, मे महिन्यात तर त्याच्याही आधी, रस्त्याच्या कडेने राउंड मारणारे पोट्टे दिसतात. त्यांच्या बोलण्यात 'ग्राउंड' म्हणजे मैदान नसतं, अख्खी शारीरिक चाचणी असते. कुणाचं ग्राउंड चांगलं गेलं, कुणाचं दोन मार्कांनी गेलं, कुणाची नडगी धरली म्हणून तो या वर्षी बसून राहिला, अशा गप्पा चहाच्या टपरीवर रोज चालतात. त्या गप्पांत उडी कुठेच येत नाही. आली तर मोबाइलवरच्या रीलमधून येते : छातीएवढ्या लाकडी खोक्यावर उभ्या उभ्या उडी मारणारा कुणी तरी पीळदार गडी, खाली तालबद्ध संगीत. ते पाहून दोघं-तिघं दुसऱ्या दिवशी पुलाच्या कठड्यावर तसंच करून बघतात. उड्यांच्या या विद्येशी आपल्याकडच्या बहुतेकांची ओळख अशी, पुलाच्या कठड्यावर झालेली असते.

ओळख नीट करून द्यायची तर आधी एक गोष्ट पटायला हवी : यादीतून उडी गेली तरी धावण्यातून ती गेलेली नाही. चालताना एक पाय सतत जमिनीवर असतो. धावताना दोन्ही पाय हवेत असण्याचा एक क्षण येतो, दर पावलाला येतो. म्हणजे धावणं ही एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलेल्या छोट्या उड्यांची माळच आहे. १६०० मीटरमध्ये साधारण अकराशे-बाराशे पावलं पडतात, १०० मीटरमध्ये पन्नासेक. प्रत्येक पावलाला शरीर थोडं खाली येतं, जमीन ते अडवते, आणि पाय त्याला पुन्हा वर-पुढे ढकलतो. हे सगळं किती वेळात? वेगाच्या शर्यतीत सेकंदाच्या दहाव्या भागात, मध्यम पल्ल्याला सुमारे पाचव्या भागात. माणसाच्या मांडीचा स्नायू त्याची सगळी ताकद उभी करायला सेकंदाचा तिसरा भाग किंवा त्याहून जास्त घेतो. तेवढा वेळ पळणाऱ्याला कधी मिळतच नाही. म्हणून दीडशे किलोचा बारबेल खांद्यावर घेऊन बसणारा गडी १०० मीटरला मागे पडतो आणि काटकुळा पोरगा पुढे निघतो. आपल्याजवळ ताकद किती आहे यापेक्षा पाय टेकलेला असताना त्यातली किती बाहेर येते, यावर निकाल ठरतो. उड्यांचा सराव ज्याला प्लायोमेट्रिक म्हणतात, तो या एवढ्याशा वेळाचा सराव आहे.

त्याची शास्त्रशुद्ध मांडणी सोव्हिएत रशियात झाली. युरी वेर्खोशान्स्की हा मॉस्कोचा प्रशिक्षक, १९२८ चा जन्म. त्याच्याकडे उडी मारणारे खेळाडू होते आणि रशियातला हिवाळा होता. मैदान बर्फाखाली, सराव बंदिस्त जागेत. बारबेल घेऊन बैठका मारून पाहिल्या, त्याने पाठी दुखू लागल्या. मग त्याचं लक्ष तिहेरी उडीकडे गेलं. या प्रकारात खेळाडू पळत येऊन लंगडी, ढांग आणि उडी अशा तीन टप्प्यांत जातो, आणि मधल्या टप्प्यांत एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या दहापटीहून जास्त भार येतो. कुठलाही बारबेल एवढा भार देत नाही, आणि तरी खेळाडू मोडत नाही, उलट पुढे फेकला जातो. वेर्खोशान्स्कीने हा भार मुद्दाम निर्माण करायचं ठरवलं : ठरावीक उंचीवरून खाली उतरायचं आणि पाय टेकताक्षणी वर उसळायचं. साठच्या दशकात त्याने यावर लेख लिहिले आणि या पद्धतीला 'आघात पद्धत' असं नाव दिलं. आजचं नाव फ्रेड विल्टचं. हा अमेरिकेचा लांब पल्ल्याचा धावपटू, १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेला, पोटापाण्यासाठी एफबीआयचा अधिकारी. शर्यतीआधी अमेरिकन खेळाडू अंग ताणत बसत आणि सोव्हिएत खेळाडू उड्या मारत, हे त्याच्या नजरेत भरलं आणि १९७५ मध्ये त्याने 'प्लायोमेट्रिक' हा शब्द रूढ केला. गुप्तहेर खात्याच्या माणसाने शत्रूची नेमकी हीच गोष्ट हेरावी, यात गंमत आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये व्हॅलेरी बोर्झोव्हने १०० आणि २०० मीटरची दोन्ही सुवर्णपदकं नेली, तेव्हापासून पश्चिमेत या उड्यांभोवती गूढ तयार झालं होतं. बोर्झोव्हच्या पदकांचं सगळं श्रेय उड्यांना देणं भाबडेपणाचं ठरेल. पण गूढ असलं की माल खपतो, हे तेव्हाही खरं होतं आणि आता रीलमध्येही आहे.

आतलं काम कसं चालतं ते घरी करून बघता येतं. गुडघे वाकवून खाली जा, तिथे दोन सेकंद थांबा, मग उडी मारा. थोडी विश्रांती घेऊन पुन्हा उडी मारा, पण या वेळी खाली जाऊन न थांबता लगेच वर या. दुसरी उडी उंच जाईल. स्नायू तेच, माणूस तोच, फरक फक्त थांबण्याचा. झपकन खाली जाताना मांडी-पोटरीचे स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा ताणल्या जातात. टाचेच्या वर चिमटीत धरता येते ती जाड कंडरा यातली सगळ्यांत महत्त्वाची. ताणलेल्या गलोलीच्या रबरासारखी ती ऊर्जा साठवते आणि सोडताना परत देते. मात्र गलोल ताणून खूप वेळ धरली तर रबर तसंच ताणलेलं राहतं, शरीरात तसं होत नाही. थांबलात की ती ऊर्जा उष्णता होऊन विरते. शिवाय अचानक ताण आला की स्नायूतली संवेदक टोकं मज्जारज्जूला खबर देतात आणि मेंदूला विचारायच्या आतच स्नायू आवळला जातो. तिसरं असं की, खाली जाता जाताच स्नायूने ताकद उभी करायला सुरुवात केलेली असते, त्यामुळे वर येताना तो शून्यापासून निघत नाही. यातलं किती कशामुळे, यावर शास्त्रज्ञांची हुज्जत संपलेली नाही. इटलीच्या काव्हान्याने साठच्या दशकात साठवलेल्या ऊर्जेवर भर दिला, फिनलंडच्या कोमीने पुढे या सगळ्या चक्राचा पाठपुरावा केला, नंतरच्यांनी तिसऱ्या कारणाला जास्त वजन दिलं. सराव करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे : ताणणं आणि उसळणं यांच्या मधली फट जितकी कमी, तितकी उडी आपली.

आता हिशेबाची गोष्ट. गोरान मार्कोविच या क्रोएशियन संशोधकाने २००७ मध्ये २६ अभ्यास एकत्र करून तपासले. अशा सरावाने उभी उडी सरासरी पावणेपाच ते पावणेनऊ टक्क्यांनी वाढते, असं त्याला आढळलं. झपकन खाली जाऊन मारायच्या उडीत सगळ्यांत जास्त. चाळीस सेंटीमीटर उडणाऱ्याला दोन-साडेतीन सेंटीमीटर. रीलमध्ये सांगतात तसं महिन्यात फूटभर वगैरे काही नाही. पण उमरेडच्या पोरांच्या कामाचा अभ्यास वेगळाच आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. फिनलंडमध्ये पाव्होलाइनेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंचे दोन गट केले. एका गटाचा जवळजवळ तिसरा हिस्सा सराव काढून त्या जागी उड्या, छोट्या वेगवान धावा असं झटक्याचं काम दिलं. धावायचं अंतर कमी झालं, एकूण वेळ तेवढाच. नऊ आठवड्यांनी त्या गटाची ५ किलोमीटरची वेळ सुधारली. फुप्फुसं-हृदयाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मात्र होती तेवढीच राहिली. म्हणजे इंजिन तेच, तेवढ्याच इंधनात गाडी पुढे गेली. ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये झालेल्या अशाच एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या उड्यांनी ३ किलोमीटरची वेळ २.७ टक्क्यांनी घटली. सहा मिनिटांत १६०० मीटर काढणाऱ्या पोराला हाच दर लावला तर नऊ-दहा सेकंद होतात. प्रत्येकाला तेवढे मिळतीलच असं नाही. नवशिक्याला तर नुसत्या नियमित धावण्यानेही त्याहून जास्त मिळतात. पण दोन वर्षं राउंड मारून जो एकाच वेळेवर अडकला आहे, त्याने आणखी चार राउंड वाढवण्याऐवजी आठवड्यातले दोन राउंड कमी करून त्या जागी उड्या मारून बघाव्यात, असं हे आकडे सांगतात. आपल्याकडे हे ऐकायला कुणी पटकन तयार होत नाही.

का होत नाही, त्याला कारण आहे. आपली व्यायामाची कल्पना आखाड्यातून आली आहे, आणि आखाड्यात मोजदाद हजारात होते. विदर्भाला या परंपरेचा अभिमान वाटावा असंच तिचं काम आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. पहिलवानाच्या बैठकीत खाली जाताना पंजे किंचित पुढे उडी घेतात आणि उठताना मागे येतात. बघणाऱ्याला वाटावं, ही तर प्लायोच. पण पाचशेवी बैठक आणि पाचवी बैठक यांत पाय टेकण्याचा वेळ सारखा राहत नाही. दम टिकवण्यासाठी, कुस्तीत मिनिटामागून मिनिट झोंबत राहण्यासाठी ती बैठक उत्तम. उसळी मात्र थकलेल्या पायाला शिकवता येत नाही. थकला की पाय जमिनीवर जास्त वेळ रेंगाळतो, आणि आपण त्याला तासभर रेंगाळण्याचाच सराव देत बसतो.

म्हणून या पुस्तिकेतल्या आकड्यांकडे बघून कुणी हसू नये. नवशिक्याने एका दिवसात ८० ते १०० वेळा जमिनीला पाय टेकायचा, त्याहून जास्त नाही. यात दोरीवरच्या हलक्या उड्याही आल्या. आठवड्यातून दोन दिवस, दोन दिवसांच्या मध्ये निदान ४८ तास. प्रत्येक संचानंतर दोन-तीन मिनिटं सरळ उभं राहायचं. सगळं मिळून पंचवीस मिनिटांत उरकतं आणि अंगाला धड घामही येत नाही. बॅचमधल्या पोरांना वाटतं, आज व्यायामच झाला नाही. मग कुणी तरी उत्साही 'चला, शंभर अजून' म्हणतो, आणि तिथून नडगीचं दुखणं सुरू होतं.

नडगीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण भरतीच्या तयारीतली अर्धी माणसं तिथे अडकतात. पायाच्या पुढच्या हाडाच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार-सहा बोटांपासून दुखायला लागतं. सुरुवातीला धावताना दुखतं, तापलं की थांबतं. पोरगा खूश होतो, म्हणतो, 'गरम झाल्यावर जाते.' काही आठवड्यांनी तापल्यावरही थांबत नाही, मग रात्री पडल्यावर ठणकतं. कडेवर बोट फिरवलं आणि लांबपर्यंत दुखरं लागलं तर हाडाच्या आवरणावर ताण आहे. एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या ठिकाणी कळ निघाली तर हाडाला सूक्ष्म चीर गेलेली असू शकते. दुसऱ्या प्रकाराला बाम चोळून, पट्टी बांधून धावणं म्हणजे भरतीचं वर्ष घालवणं. त्याने डॉक्टरकडेच जायचं. हाड मजबूत होतं, पण ते स्नायूंच्या मागून, सावकाश होतं. स्नायूला तीन आठवड्यांत जोर आलेला जाणवतो आणि हाड-कंडरा अजून जुन्याच हिशेबावर असतात. नेमक्या याच काळात पोरं सिमेंटच्या रस्त्यावर खोक्यावरून उड्या मारायला लागतात.

यात एक गोष्ट मला वरचेवर जाणवते. पूर्वी ही तयारी कळत-नकळत लहानपणीच होत असे. लंगडी हा एका पायावरच्या उड्यांचा खेळ आहे. खो-खोत बसलेल्या जागेवरून उठताच पहिल्या पावलाला उसळी लागते. आट्यापाट्यांत पाटी ओलांडताना दिशा बदलायची ती एका पायाच्या टेकूवर. दोरीच्या उड्या, सूरपारंब्या, नाल्यावरून उडी. या खेळांत कुणी संच मोजत नसे, पण आठव्या-दहाव्या वर्षापासून थोडा थोडा भार हाडांना मिळत असे, तोही मातीत. आता बारावीपर्यंत क्लास आणि मोबाइल, मग अठराव्या वर्षी एकदम रोज आठ किलोमीटर आणि खोक्यावरच्या उड्या. हा दोष त्या पोरांचा नाही. पण चौदा वर्षांच्या आतल्या मुलांच्या पालकांना आणि शाळेतल्या पीटीच्या सरांना एवढं सांगायचं आहे की, या वयात मुलांना या पुस्तिकेतले तक्ते देऊ नका, लंगडी आणि खो-खो द्या. वाढत्या वयात, दहा ते पंधरा या वर्षांत, गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखण्याची तक्रार नेहमीची आहे. अशा मुलाला उड्या थांबवायला सांगायच्या, लाजवायचं नाही.

महाराष्ट्राच्या खेळाडूंपैकी ज्याच्या पायांकडे या नजरेने बघावं असा माणूस म्हणजे अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. लष्करात गेला आणि तिथे ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. या शर्यतीत साडेसात फेऱ्यांमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. अडथळा पुरुषांसाठी ९१.४ सेंटीमीटर उंच, आणि तो पडत नाही. पाय लागला तर माणूस पडतो. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब, लष्कराच्या भरतीतल्या नऊ फुटांहून तीन फूट जास्त. अडथळ्यावरून, पाण्यापाशी त्याच्या लाकडावर एक पाय टेकवून, पुढे झेपावायचं, दुसऱ्या पायावर उतरायचं आणि उतरल्याचं न जाणवता पुढचं पाऊल टाकायचं. ३५ वेळा. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत हे करून राष्ट्रीय विक्रम मोडला. आणि पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली. जगातल्या पहिल्या रांगेतल्या, वर्षानुवर्षं तयार केलेल्या पायालाही एक उतरणं महागात पडू शकतं. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे हा दुसरा. शाळेत असताना उंच उडीची गादी नव्हती म्हणून मक्याच्या भुसाची गादी करून तो शिकला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. त्याची गोष्ट सांगताना लोक जिद्दीबद्दल बोलतात. मला त्यात त्याच्या शिक्षकाची अक्कल जास्त दिसते : उडवण्याआधी उतरायची सोय केली.

या पुस्तिकेची पहिली दोन प्रकरणं म्हणूनच फक्त उतरण्याची आहेत, आणि वाचकाने ती गाळू नयेत. शाळेची नेहमीची पायरी साधारण पंधरा सेंटीमीटरची असते. दोन पायऱ्या म्हणजे तीस. त्यावर उभं राहून एक पाय पुढे काढायचा आणि खाली यायचं. उडी मारायची नाही, नुसतं उतरायचं. दोन्ही पाय एकदम टेकले पाहिजेत, आधी पंजा, मग टाच अलगद. गुडघे आणि कंबर वाकतात, छाती मांड्यांवर कोसळत नाही. तिथेच दोन आकडे मोजेपर्यंत थांबायचं. जोडीदाराने समोर उभं राहून गुडघे बघायचे. ते पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले तर ठीक. एकमेकांकडे आत झुकले तर तीच चूक आणि तीच सगळ्यांत धोक्याची. मग जोडीदाराने डोळे मिटून फक्त ऐकायचं. 'धप्प' असा आवाज आला तर सगळा भार टाचेने आणि हाडाने घेतला. नुसता पायाचा हलका स्पर्श ऐकू आला तर तो स्नायूंनी घेतला. दहा वेळा उतरून दहाही वेळा तसंच झालं की पुढचं पान उलटायचं. कुणाला यात चार दिवस लागतील, कुणाला महिना. चाळीस सेंटीमीटरवरून खाली येताना पाय जमिनीला सेकंदाला २.८ मीटर वेगाने टेकतात. एक मीटरवरून आलात तर जवळजवळ साडेचार मीटर. वेर्खोशान्स्कीने पाऊण मीटर आणि त्याहून जास्त उंचीचे आकडे दिले होते, पण ते वर्षानुवर्षं बारबेल उचललेल्या खेळाडूंसाठी. आपल्या कामाला तीस-चाळीस सेंटीमीटर भरपूर झाले. आणि रीलमधली छातीएवढ्या खोक्यावरची उडी? त्यात गुडघे पोटाशी घेण्याची कसरत जास्त आणि उसळी कमी. खाली उतरताना मात्र तो गडी तेवढ्याच उंचीवरून येतो, आणि नेमकं तेच रीलमध्ये कापलेलं असतं.

मुलींसाठी हे उतरणं आणखी महत्त्वाचं. उडीच्या खेळांत मुलींच्या गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा फाटतो, आणि गुडघे आत झुकणं हे त्याचं एक मोठं कारण आहे. अमेरिकेत टिमथी हेवेट आणि सहकाऱ्यांनी १२६३ शालेय खेळाडूंचा एक हंगाम पाठपुरावा केला. ज्या मुलींना आधी सहा आठवडे उडी-उतरण्याचा सराव दिला होता त्यांच्यापेक्षा न दिलेल्या मुलींत गुडघ्याच्या गंभीर दुखापतींचं प्रमाण ३.६ पट निघालं. हा अभ्यास १९९९ चा आहे. आपल्याकडे अजूनही मुलीला उड्या मारायला नको म्हणणारी माणसं सापडतात. गुडघा सांभाळायचा असेल तर तिला उलट नीट उड्या शिकवायला हव्यात.

जागेचा प्रश्न इथे टाळता येत नाही. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळून सिमेंटइतकी कडक होते आणि जुलैत पाय घोट्यापर्यंत रुततो. २०२४ च्या जूनमध्ये पोलीस भरतीचं ग्राउंड सुरू झालं तेव्हा पावसामुळे काही ठिकाणी ते पुढे ढकलावं लागलं, हे पोरांना आठवत असेल. सरावासाठी सगळ्यांत चांगलं गवत किंवा पाणी मारून दाबलेला मुरूम. रेतीही चालते. इटलीतल्या एका अभ्यासात फुटबॉलपटूंनी चार आठवडे रेतीत आणि गवतावर उड्या मारल्या. रेतीवाल्यांचे पाय कमी दुखले आणि धावण्याचा वेग दोघांचा सारखाच वाढला, पण झपकन खाली जाऊन मारायच्या उडीत गवतवाले पुढे राहिले. रेतीत पाय जास्त वेळ टेकलेला राहतो, त्याचा हा परिणाम. म्हणजे नडगी नाजूक असेल त्याने रेतीत सुरू करावं आणि महिन्याभराने गवतावर यावं. डांबरी रस्ता, सिमेंट आणि पुलाचा कठडा, या तिन्हींना रजा.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत असं सांगितलेलं असतं की, स्वतःच्या वजनाच्या दीडपट बारबेल घेऊन बैठक मारता येत नाही तोवर उंचावरून उतरून उसळायच्या उड्यांना हात लावू नये. आपल्याकडे किती गावांत बारबेल आहे? तो नियम जोरकस, उंचावरून मारायच्या उड्यांपुरता आहे आणि त्या या पुस्तिकेत जवळजवळ नाहीतच. त्याऐवजी साधी अट ठेवली आहे : एका पायावर उभं राहून सावकाश अर्धी बैठक, गुडघा आत न झुकवता, दोन्ही पायांवर पाच-पाच वेळा. ती जमत नाही तोवर दोरीवरच्या उड्यांपलीकडे जायचं नाही. ज्यांचं वजन शंभर किलोच्या वर आहे त्यांनी उंचावरून उतरून उसळण्याचे प्रकार सोडूनच द्यावेत.

प्रगती मोजायला यंत्र लागत नाही. डडली सार्जंट नावाच्या अमेरिकन शिक्षकाने १९२१ मध्ये सुचवलेली चाचणी आजही चालते : भिंतीला कुशी करून उभं राहा, हात वर ताणून बोटाला लावलेल्या खडूने खूण करा, मग उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर ही तुमची उडी. फोनवर स्लो-मोशन असेल तर आणखी सोपं. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या फोनमध्ये पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतची चित्रं मोजा. १२० भरली तर तुम्ही अर्धा सेकंद हवेत होता, म्हणजे उडी साधारण ३१ सेंटीमीटर. गुडघे वर ओढून उतरलात तर आकडा फुगतो, त्यामुळे सुटताना आणि टेकताना पाय सारखेच सरळ हवेत. हे माप आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, धावण्याच्या आधी घ्यायचं आणि वहीत लिहायचं. सलग दोन आठवडे आकडा घसरला तर समजा, पाय थकले आहेत. त्या आठवड्यात उड्या पूर्ण बंद, राउंडही निम्मे. भरतीचं ग्राउंड जाहीर झालं असेल तर शेवटच्या जोरकस उड्या त्याच्या दहा दिवस आधी आटपायच्या, नंतर फक्त दोरी. वहीची पानं या पुस्तिकेच्या शेवटी आखून दिली आहेत. पहिल्या पानावर आजची खूण लिहायची, आणि मग दोन पायऱ्या चढून उतरायला सुरुवात करायची.